आक्काचा हिरडा आणि बंद सरहद्द

माझ्या थोरल्या बहिणीचं झाड मी तोडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कितीही गोड बोललो तरी तुम्ही फसणार नाही. भोरच्या बाजारपेठेत बारा वर्षं कापडाच्या दुकानात मी गिऱ्हाइकांपुढं थानं उलगडली आहेत. विटका रंग ‘हाच तर सध्या चालतोय’ म्हणून गळ्यात मारायची जिभेला सवय आहे. दुकान सुटलं, गावी परत आलो, जीभ मात्र तीच राहिली.

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाच्या वाटेवर. खालची भातखाचरं धरणात गेली. वर नाचणीपुरती जमीन उरली आणि बांधाबांधावर हिरड्याची झाडं. हिरडा कुणी लावत नाही, तो असतोच. चैत्र-वैशाखात त्याला कोवळी, बोटाच्या पेराएवढी फळं येतात. ती उतरवायची आणि खळ्यात उन्हाला घालायची. आठ दिवसांत हिरवी फळं काळी ठिक्कर होऊन खुळखुळायला लागतात. ह्याला बाळहिरडा म्हणतात, तो औषधाला जातो. पोती भरली की भोरचा व्यापारी टेम्पो घेऊन यायचा.

आमच्या वाडीत एक चाल आहे. मुलगी लग्न होऊन निघाली की बाप तिला एक हिरडा दाखवतो. कागद नाही, शिक्का नाही. वाडीतल्या चार माणसांसमोर बुंध्याला हळदकुंकू लावायचं आणि म्हणायचं, हा हिचा. त्यापुढं त्या झाडाचं फळ तिचं, ती आहे तोवर. भावानं फळ उतरवून द्यायचं, तिनं माहेरी येऊन वाळवायचं. आक्काला वडिलांनी विहिरीकडच्या बांधावरचा हिरडा दाखवला. सगळ्यांत जास्त भरणारा. ‘तिला कशाला एवढा मोठा,’ म्हणून मी भर लग्नात रुसून बसलो होतो, आणि आईनं पाठीत धपाटा घातला होता.

आक्काला दिली वेल्ह्याकडं, मार्गासनीला. ऐकायला जवळ वाटतं. पण आमच्याकडनं भोर, भोरहून नसरापूर, नसरापूरहून वेल्ह्याची एसटी. सकाळी निघालेलं माणूस दुपार टळल्यावर टेकतं. आणि तिच्या सासरी कामाला अंत नव्हता. पंचमीला पाठवायचे नाहीत, दिवाळीला पाठवायचे नाहीत. सासू आजारी आहे, म्हैस व्यायला झालीय, लावणी आलीय, काही ना काही निघायचंच. चैत्रात मात्र तिला कुणी अडवत नसे. ‘माझा हिरडा उतरलाय, मी गेले न्हाई तर बुरशी धरंल,’ एवढं म्हणायची आणि पिशवी उचलायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, दीर-जावांच्या घरात तिचं आयुष्य चाललं. वर्षातले हे आठ दिवस तेवढे तिचे.

ती आली की घर बदलायचं. खळ्यात बसून हिरडा परतायची आणि मला टोमणे मारायची. व्यापाऱ्यानं एकदा सांगितलं होतं की आमचा माल मुंबईला जातो, तिथनं अमृतसरला, आणि तिथनं सरहद्द ओलांडून पाकिस्तानात. तिकडं हकीम लोक आहेत, त्यांच्या औषधाला हाच लागतो. खरं किती ते देव जाणे, पण आक्कानं ते घट्ट धरून ठेवलं. ‘तू गेलायस का रं पुण्याच्या फुडं? माझा हिरडा बघ, लाहोरला जातोय.’ मी म्हणायचो, ‘जातोय आणि तिकडच्यांची पोटं साफ करतोय.’ ती पदर तोंडाला लावून इतकी हसायची की शेजारची म्हातारी काय झालं म्हणून बघायला यायची.

वडील गेल्यावर जमीन नावावर करायचं निघालं. आक्काला भोरला बोलावून घेतलं, हक्कसोड पत्रावर सही करायला. सगळ्यांच्याच बहिणी करतात. तिनं कागद वाचलासुद्धा नाही. सही केली, बोटाची शाई पुसली आणि बाहेर चहा पिताना म्हणाली, ‘जमीन तुझी. हिरडा तेवढा माझा ऱ्हाऊ दे.’

‘येडी का खुळी तू,’ मी म्हणालो. ‘हे काय सांगायचं असतं व्हय?’

सांगायचं असतं. आणि सांगूनही काही उपयोग नसतो, समोर माझ्यासारखा भाऊ असेल तर.

मग एका वर्षी श्रावणात दोन्ही देशांचं पार फाटलं. आधी कधी जुळलेलं होतं असं नाही, पण ह्या वेळी व्यापारच बंद झाला. टीव्हीवर रात्रंदिवस दुसरं काही नव्हतं. चारचार माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडताहेत, खाली लाल पट्टी पळतेय. मोबाईलवर तर विचारू नका. मला तर चेवच चढला. गणपतीच्या मांडवात आरतीनंतर माईक हातात घेतला आणि भाषण ठोकलं. आमच्या डोंगरातलं एक फळ तिकडं जाणार नाही, तुंबू देत त्यांची पोटं, असलं काहीबाही. टाळ्या पडल्या. व्यापाऱ्याचा निरोप आधीच आला होता, ‘वर समदं बंद हाय, म्होरल्या सालचं काय सांगता येत न्हाई.’ तेव्हा न जाणाऱ्या फळाला मी मोठ्या ऐटीत अडवत होतो.

दिवाळी झाली, नाचणी झोडून झाली, आणि लाकूडवाला आला. दरवर्षी कुणी ना कुणी यायचा, आम्ही हाकलून द्यायचो. ह्यानं चहा घेतला आणि बांधाकडं बघत म्हणाला, ‘हिरड्याला आता कुत्रं इचारतंय का? उगी सावली धरून बसलाय. तोडीच्या कागदाचं मी बघतो.’ माझी सात झाडं होती, आक्काचं धरून. ती काढली की बांध मोकळा होईल, ट्रॅक्टर थेट वरपर्यंत येईल, नाचणीला ऊन मिळेल, असं त्यानं मला पटवलं. तसं त्यानं काय पटवलं, मीच पटून घेतलं. गिऱ्हाईक कधी गळाला लागलं ते मला दुकानात बसून बरोबर कळायचं. स्वतःच्या बाबतीत कळलं नाही.

पौषात कटर आला. सहा झाडं दुपारपर्यंत आडवी झाली. सातवं विहिरीकडचं. मी म्हणालो, ‘हे ठेवा. बहिणीचं आहे.’

‘मग ट्रॉली वळायची कशी?’ तो म्हणाला. ‘ठेवायचं असंल तर ठेवा, पर वरचं लाकूड डोक्यावरनं खाली आणायला माणसं तुमची.’

खिशात मोबाईल होता. आक्काचा नंबर सगळ्यांत वर होता. एक फोन करायला किती वेळ लागतो? पण फोन केला तर ती नको म्हणेल, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच केला नाही. बायको पाण्याची कळशी घेऊन आली होती, तिनं विचारलं, ‘आक्कांना इचारलंय का?’ मी म्हणालो, ‘विचारलंय.’ आणि लाकूडवाल्याला हातानं खूण केली. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

शिमग्याच्या सुमारास भोरचा व्यापारी मोटरसायकलवर आला. हंगामाच्या आधी दरवर्षी तो अंदाज घ्यायला फिरायचा. ओट्यावर बसला आणि म्हणाला, ‘यंदा कितीक व्हईल?’

मला वाटलं, थट्टा करतोय. ‘अहो, बंद आहे ना सगळं?’

‘औषधाला कवाच उघडलंय. भादव्यात, गणपतीतच. औषधापुरती बंदी उठवली तिकडच्यांनी. आपला हिरडा औषधातच धरत्यात.’

म्हणजे मांडवात मी माईक धरून उभा होतो, त्याच दिवसांत. बंद झाल्याची बातमी आमच्या वाडीत तासाभरात आली होती, ढोल बडवत. उघडल्याची बातमी कुणीच सांगितली नाही. टीव्हीवाले त्यावर भांडले नाहीत, लाल पट्टी पळाली नाही, मोबाईलवर कुणी झेंडे पाठवले नाहीत. कुठं पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या असतील तर त्या भजी बांधायला गेल्या असतील. बंदी घालताना गावोगाव दवंडी आणि उठवताना मुक्यानं, हा कुठला न्याय? मी व्यापाऱ्यावरच घसरलो. ‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘तुमी इचारलं न्हाई,’ तो म्हणाला. ‘आन मला काय ठावं तुमी कुऱ्हाडच लावाल.’ मग त्यानं बांधाकडं बघितलं आणि शेजारच्या म्हातारीच्या दारात गेला. तिची चार झाडं उभी होती. तिला कुणी पटवलं नव्हतं, कारण तिला आता ऐकू कमी येतं.

आता आक्काला सांगायचं कसं, ह्या काळजीनं माझं जेवण गेलं. चैत्र तोंडावर आला होता. आणि तेवढ्यात टाळेबंदी आली. एसट्या बंद, रस्ते बंद, तालुक्याच्या हद्दीवर पोलीस. सगळं जग हवालदिल झालं होतं, आणि मी, लाज वाटते लिहायला, मी सुटकेचा श्वास टाकला. आक्का येणार नव्हती.

तिचा फोन आला. ‘अरं, मला काय येता यायचं न्हाई. तूच उतरीव आन तूच वाळीव. आन कसं बी करून पिशवीभर हिकडं धाड, घरात खोकल्याला असू दे.’

‘वाळत घातलाय की,’ मी म्हणालो. ‘काळजी करू नको. झाड यंदा काय भरलंय म्हणून सांगू.’

असा मी. म्हातारीकडनं पिशवीभर हिरडा घेतला आणि दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून मार्गासनीला पोचता केला. आक्काचा फोन आला, मिळाला म्हणाली. आणि लगेच फोन ठेवला. मला वाटलं, निभावलं.

एसट्या सुरू झाल्यावर कार्तिकात ती न सांगता आली. फाट्यावर उतरली, चालत वर आली, आणि घरात न येता आधी विहिरीकडं गेली. कुणीतरी सांगितलं, तुमची आक्का बांधावर बसलीय. मी धावत गेलो. ती बुडख्याशेजारी बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

‘कवा?’ तिनं विचारलं.

‘गेल्या पौषात.’

‘मग उन्हाळ्यात धाडलास तो कुणाचा?’

मी सांगितलं. ती म्हणाली, ‘पिशवी सोडली तवाच कळलं. आपलं फळ बारीक आन टोकाला वाकडं. हे गोल व्हतं. दोन दिस म्हनलं, आपलीच नदर गेली आसंल. भाऊ कशाला आसं करंल?’

मी बोलत सुटलो. बंदी होती, कुणी घेणार नव्हतं, ट्रॉली वळत नव्हती, उघडल्याचं मला कुणी सांगितलं नाही, व्यापारी बोलला नाही. थानावर थान उलगडत होतो. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘मला इचारायचं तरी.’

‘तुला तरी कुठं माहीत होतं बंदी उठली ते?’

‘बंदीचं न्हाई रं इचारायचं. झाडाचं.’

घरी आली, बायकोनं दिलेलं पाणी प्याली, भाकरीचा एक तुकडा मोडला. परतीच्या गाडीला अजून वेळ होता, तरी फाट्यावर जाऊन बसते म्हणाली. मी पिशवी घेऊन मागं चाललो होतो, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. ओढून नाही, हळूच. ओढली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती आली नाही. चैत्र आला, गेला. बोलणं तोडलं नाही तिनं, भांडण तर अजिबात नाही. फोन केला की उचलायची, सगळ्यांची खुशाली विचारायची आणि ‘बरं, ठेवते’ म्हणायची. दोन देश परवडले. ते निदान एकमेकांच्या राजदूतांना परत पाठवतात, जाहीर तरी करतात.

एकदा मी मार्गासनीला गेलो. रोपवाटिकेतनं हिरड्याचं रोप आणून बुडख्याच्या शेजारी लावलं होतं, ते सांगायला. तिच्या जावेनं पाय धुवायला पाणी दिलं, पोहे केले. आक्का समोर खांबाला टेकून बसली होती, वाळली होती खूप. मी रोपाचं सांगितलं, कुंपण केलंय, रोज पाणी घालतो म्हणालो.

‘धरंल कवा?’ तिनं विचारलं.

‘दहा-पंधरा वर्षं लागतील.’

आक्का सत्तरीला आलेली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली, वाईट वाटून घेऊ नको अशा अर्थानं. मग पावसाचं विचारलं. मी नसरापूरपर्यंत गाडीत तोंड खिडकीकडं करून बसलो. रोप त्याच उन्हाळ्यात गेलं. दुसरं लावलं, ते शेरडांनी खाल्लं.

गेल्या साली पुन्हा ठिणगी पडली आणि सगळं पुन्हा बंद झालं. ह्या वेळी औषधासकट, असं व्यापारी म्हणाला. मोबाईल पुन्हा झेंड्यांनी भरला. मी कुठं भाषण केलं नाही. शेजारच्या म्हातारीची पोती वाळून तयार होती, टेम्पो आलाच नाही. अजून तिच्या पडवीत रचून ठेवलेली आहेत. मी दिसलो की हटकते, ‘उघडंल का रं?’ मी तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणतो, ‘उघडंल, उघडंल.’ आणि मनात म्हणतो, नको. कायमची बंद राहू दे.

होय, असंच म्हणतो. तिची पोती कुजू देत, पलीकडच्या कुणाचं औषध अडू दे, पण बंद राहू दे. कारण सरहद्द बंद आहे तोवर मी शहाणा ठरतो. हिरडा कवडीमोल आहे तोवर मी आक्काचं फार काही तोडलेलं नाही. पेपरात बोलणी होणार असं आलं की मी पान उलटतो. आख्ख्या वाडीत, कदाचित आख्ख्या देशात, ह्या असल्या कारणासाठी दुश्मनी टिकावी म्हणून देवाला हात जोडणारा मीच एकटा असेन. इतका खाली मी कधी गेलो, मला कळलंसुद्धा नाही.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ती बंदीची बातमी आली त्या दिवशी मी आक्काला फोन केला. आपणहून. आवाजात उत्साह होता माझ्या, दुकानात नवा माल आल्यावर असायचा तसा.

‘आक्का, ऐकलंस का? परत सगळं बंद झालं. औषधसुद्धा.’

‘ऐकलं.’

‘म्हणजे बघ, तुझं झाड असतं तरी यंदा कुणी घेतलं नसतं. हिरडा खळ्यातच पडून राहिला असता.’

पलीकडं कुणीतरी भांडी घासत होतं.

‘ऱ्हायला असता पडून,’ ती म्हणाली. ‘पर वाळवायला तरी मी आले असते.’

मी म्हणालो, ‘हॅलो, आक्का? आवाज येत नाही गं, रेंज गेली वाटतं.’ आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती.